ताजं नाक

३ फेब्रुवारी

धाकट्यास,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. ते शेवटी बघू, तोवर माझ्याजवळ उरले तर.

टँकरवाला सांगत होता, तू बंदरावर पोती उचलतोस आणि त्याला बघून पोत्यांच्या मागे लपलास. तुझ्याएवढा आडवा माणूस मागे मावला कसा, याचंच त्याला नवल. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. तू घेतलं नाहीस तर तुझ्या ठेकेदारासमोर उभं राहून मोठ्याने वाच, असं त्याला बजावलंय. त्याचा आवाज तुला माहीत आहे.

तुझे दाजी जिवंत आहेत. तू विचारलं नाहीस म्हणून सांगते. इस्पितळातून घरी आणलं. जरा चालले की दम लागतो, हात कापतात, आणि नाक पार मेलंय. काल दूध करपलं, खोलीभर धूर झाला, आणि हे शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. मी ओरडले तर म्हणाले, "अगं, मला वाटलं डोळे अधू झाले." मला हसू आलं. मग पातेलं घासताना काय झालं ते तुला सांगायची गरज नाही.

आता कामाचं. कारखान्याच्या गेटावर पाटी लावली आहे. पेटीवाला, म्हणजे तुझे दाजी, ताजं नाक न लावता पेटीत उतरला, त्याने नियम मोडला, अपघाताला तोच जबाबदार. मला एकेक अक्षर जुळवून वाचावं लागतं (हे पत्रही रात्र जागून तसंच लिहिते आहे), म्हणून त्या पाटीखाली मी बराच वेळ उभी होते. येणारेजाणारे खाली मान घालून गेले. चौकशी महिनाअखेर बंद करणार आहेत. ती अशीच बंद झाली की यांची नोकरी गेली, आणि नोकरीमागून क्वार्टर. या वयात, या छातीने, यांना दुसरं काम कोण देणार?

मला एकच गोष्ट कळत नाही. सगळा जन्म त्या पेट्यांत गेला या माणसाचा. भट्टीत तेलाचा दगड भाजला की जो गॅस निघतो त्याला सडक्या अंड्याचा वास, आणि तो वास म्हणजे विष, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर तो गॅस आधी पेटीतून जातो, गंज चढवलेल्या लाकडाच्या भुशातून. भुसा विष पितो आणि काळा पडतो. मग ती पेटी बंद करायची, दुसरी चालू करायची, माणसाने आत उतरून काळा भुसा फावड्याने बाहेर काढायचा, आणि आम्ही बायकांनी तो अंगणात पसरून, पाणी मारून, उलथापालथ करून पुन्हा तांबडा करायचा. सुकू दिला तर आपोआप पेट घेतो. हे तुला माहीत आहे, पण पोती उचलून डोक्यातलं सांडलं असेल म्हणून सांगितलं.

आणि उतरायच्या आधी ताजं नाक. जो माणूस गेटातून सरळ आलाय, भट्टीकडे फिरकलेलासुद्धा नाही, त्याने पेटीच्या तोंडाशी वाकून हुंगायचं. आत वावरणाऱ्याचं नाक त्या वासाला मरतं, त्याचा भरवसा नाही. आणि होता होईतो नाक उतरणाऱ्याच्याच घरचं असावं, म्हणजे जिवाची काळजी असते. वास मोजायचं यंत्र आणि नळीचा मुखवटा ऑफिसच्या कपाटात कुलपात. यंत्र बिघडलंय म्हणे. मुखवट्याला काय झालंय ते कोणी सांगत नाही.

हे पेटीत गुदमरून पडले त्या दिवशी यांनी तुलाच सांगितलं होतं. "आज माझा मेव्हणा हुंगेल," म्हणत घरातून निघाले. तुझी पाळी दुपारची, म्हणजे तू बाहेरूनच येणार. मग नाक लावलं नाही हे कसं? हा माणूस चहासुद्धा हुंगल्याशिवाय पीत नव्हता.

तू हुंगलंस का? हुंगलंस तर येऊन तसं सांग. नाक चुकतं कधीकधी, त्यासाठी कोणी फासावर चढवत नाही. यांना विचारलं तर "मीच उतरलो, कोणाला विचारलं नाही," एवढंच म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात.

अजून तरी तुझी बहीण


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझा कागद मिळाला. "मला खरंच वास आला नाही ताई. मला बोलवू नकोस." बस, एवढंच. आपल्या घरात शाळेत तुला घातलं, मला दुसरीतून काढून तुला सांभाळायला बसवलं, आणि त्या शाळेतून तू एवढंच लिहायला शिकलास.

म्हणजे हुंगलं होतंस. पाटी खोटी आहे आणि हेही खोटं बोलतात.

वास आला नाही हे मात्र मी खरं धरलं. तू आळशी आहेस, खादाड आहेस, पण दाजींच्या जिवाशी खेळणारा नाहीस. मग वास का आला नाही? हे डोक्यात घोळत असताना अंगणात माझ्याबरोबर भुसा उलथणारी बोळकी म्हणाली (तिच्या तोंडात एकच दात उरलाय, जीभ मात्र अख्खी आहे), "तुझा भाऊ त्या दिवशी भल्या पहाटे आला होता की. आडनळीपाशी डबा उघडून बसलेला मी पाहिला."

मी म्हटलं, "पहाटे कसा असेल? त्याची पाळी दुपारची."

"मग भुताने खाल्ला असेल तो डबा. झाकण मात्र तुझ्याच घरचं होतं, पोचे आलेलं."

माझ्या हातातलं फावडं तिथेच राहिलं. त्या दिवसाची सकाळ आठवली. शेगडी पेटवली तर सडक्या अंड्याचा वास. चाळीतल्या सगळ्या बायका दारात येऊन नाकाला पदर लावून बोलत होत्या. आईचा चांदीचा चमचा, जो तू दात येताना चावून वाकडा केलास, तो ओट्यावरच काळा पडला. मला वाटलं गटार तुंबलंय. गटार नव्हतं. गॅस पेटीतून न जाता, न धुता, आडनळीने थेट आमच्या चुलीत आणि पलीकडच्या काचेच्या कारखान्यात येत होता. एक पेटी भुसा काढायला बंद, दुसरी तुंबलेली. मग गॅस जाणार कुठून? आणि आडनळीचा व्हॉल्व्ह फिरवणारा कोण? तूच.

फिटरला विचारलं. तो म्हणाला, आडनळी उघडायची तर बंद पेटीच्या नळीत जाड पत्रा ठोकायचा असतो, नाहीतर गॅस मागे फिरून बंद पेटीत शिरतो. पत्रा ठोकलेला नव्हता.

म्हणजे असं झालं. तू पहाटेपासून त्या घाणीत बसलास. तुझं नाक मेलं. दुपारी आलास पेटीच्या तोंडाशी, डोक्याला तेल लावून, जसा काही घरूनच येतोयस. वाकलास, हुंगलंस, आणि म्हणालास, उतरा दाजी.

वास आला नाही हे खरंच. मेलेल्या नाकाला काय येणार? पण 'मी पहाटेपासून आत आहे, मला विचारू नका, दुसऱ्याला बोलवा,' हे सांगायला नाक लागत नाही. तोंड लागतं. ते तुला कधी कमी पडलंय का? जेवताना तर नाही.

घरी येऊन मी यांच्यासमोर उभी राहिले. सगळं सांगितलं. हे उठून बसले. मग म्हणाले, "पोराचं नाव घेऊ नकोस."

"पोर? लग्नाचं वय उलटून चाललंय त्याचं."

"पाळीप्रमुख इस्पितळात आला होता. म्हणाला, नाक लावलं असं तू बोललास तर तुझा मेव्हणा तुरुंगात जाईल. नाही लावलं म्हणालास तर नुसती तुझी नोकरी जाईल."

"आणि आडनळी पहाटे गुपचूप उघडायला कोणी सांगितली?"

"त्यानेच. पण पोराने उघडली ना."

असा हा माणूस. श्वास धड घेता येत नाही आणि तुला वाचवायला निघालाय. आणि तुलाही त्याच पाळीप्रमुखाने पळ म्हणून सांगितलं असणार, तुझ्याच भल्यासाठी. त्याला स्वतःची मान सोडवायची होती, ती त्याने तुमच्या दोघांच्या प्रेमात गुंडाळून ठेवली. तुम्ही दोघं शहाणे एकमेकांना वाचवताय आणि तो तिसरा दात कोरत बसलाय.

मी उद्या जाऊन बोलू शकते. पण मला कोण विचारतंय? बायको नवऱ्याच्याच बाजूने बोलणार म्हणतील. बोळकीला आंधळी ठरवतील. व्हॉल्व्ह तू फिरवलास, हुंगलंस तू. ये.


२० फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. टँकरवाला म्हणतो, तू पत्र घेतलंस, वाचलंस, घडी करून टोपीत ठेवलंस आणि पोती उचलायला गेलास. टोपीत ठेवून ते डोक्यात जात नाही.

इथे काय झालंय ते ऐक. पेटी तशीच पडली आहे, अर्धा काळा भुसा आत. खाली उतरायला एकही गडी तयार नाही. पाळीप्रमुखाने समजावलं, दम दिला. गडी म्हणाले, आता आमच्या घरच्या नाकाचासुद्धा भरवसा वाटत नाही. जिचा नवरा पडला तिचं नाक लावा. ती 'नाही वास' म्हणाली तर उतरू.

मग पाळीप्रमुख आमच्या दारात. चपला बाहेर काढून आला, कधी नव्हे ते. "वहिनी, आता तुम्हीच काय ते बघा. सकाळी गेटातून सरळ पेटीपाशी यायचं, जरा हुंगायचं, मग अंगणात कामाला. काही जड नाही."

मी म्हटलं, "क्वार्टर खाली करा म्हणून निरोप आलाय. मी रस्त्यावर राहायला गेले की तिथून येऊ हुंगायला?"

"त्याचं बघू काहीतरी."

"बघा. तोवर मीही बघते."

गेले. सगळे गडी कमरेवर हात ठेवून उभे. वाकले, आणि खोटं कशाला सांगू, वास होता. अगदी बारीक, पण होता. मी म्हटलं, "येतोय." पाळीप्रमुखाचा चेहरा उतरला. मी सगळ्यांदेखत विचारलं, "नळीत पत्रा कुठाय?" फिटर पुढे झाला आणि त्याने पत्रा ठोकला. दिवसभर पंख्याने पेटीत हवा मारली.

दुसऱ्या दिवशी वाकले. काही नव्हतं. ओला भुसा, गंज, बस.

मी उभी राहिले, पदर झटकला आणि म्हटलं, "येतोय."

"कसा येईल वहिनी? पत्रा आहे, पंखा आहे."

"मला काय माहीत? मी शिकलेली नाही. मला वास येतो एवढंच कळतं."

तिसऱ्या दिवशीही आला. कालही आला. उद्याही येणार आहे. पाटी उतरेपर्यंत येणार आहे. आणि ती पाटी तुझ्या तोंडाशिवाय उतरत नाही, कारण तिच्यावर लिहिलंय नाक लावलं नाही, आणि ते नाक तुझ्या चेहऱ्यावर आहे.


२७ फेब्रुवारी

धाकट्या,

इथे आता नुसती बोंब आहे. दुसरी पेटी मोकळी करून चालू केली होती, तिच्यातला भुसाही आता काळा पडून संपला. भट्टी विझवता येत नाही, विझली तर आतला दगड घट्ट बसतो. गॅस पुन्हा आडनळीने. काचेच्या कारखान्यातून रोज माणूस येतो आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर डाग पडलेली बाटली ठेवून जातो. चाळीत सगळ्यांनी खिडक्या उघड्या टाकल्यात, जेवणाच्या वेळी सगळे ओकाऱ्या दाबत बसतात.

शेजारीण नळावर म्हणाली, "तुझ्या एका नाकापायी आम्हा सगळ्यांची भांडी काळी झाली."

मी म्हटलं, "राखेने घास, निघतील. माझ्या घरचा माणूस काळा केलाय, त्याला कशाने घासू?" तिने कळशी उचलली. संध्याकाळी तिनेच येऊन यांचे पाय चेपून दिले. बाई वाईट नाही.

पाळीप्रमुखाने बोळकीला हुंगायला बोलावलं. ती म्हणाली, "माझं नाक म्हातारं झालंय बाबा, मला कालचाच वास येतो." दुसरीला बोलावलं, तिला सर्दी. तिसरीलाही सर्दी. अंगणातल्या सगळ्या बायकांना एका दिवसात सर्दी झाली. औषधवाला खूश असेल.

मग मोठे साहेब स्वतः नवीन यंत्र घेऊन आले. पेटीत सोडलं, काटा हलला नाही. "पेटी साफ आहे," साहेब म्हणाले. गडी माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "येतोय." एकानेही फावडं उचललं नाही. साहेबांनी मला बाजूला घेतलं. माणूस तसा सरळ वाटला. म्हणाले, "बाई, तुम्हाला खरं काय हवंय?"

"त्या दिवशी नाक लावलं होतं. ते कोणाचं होतं आणि का मेलं होतं, ते ज्याचं नाक त्याच्याकडून ऐका. मग चौकशी बंद करा."

"तो कुठे आहे?"

मी सांगितलं नाही. बोट दाखवून तुला पकडून आणवायचा असता तर पहिल्याच दिवशी आणवला असता. तुझ्या पायाने यायचंस. साहेबांनी चौकशी बंद करायची सही थोडी पुढे ढकलली आहे. थोडीच.

तुझे दाजी माझ्याशी बोलत नाहीत. "पोराला तुरुंगात घालतेस," म्हणतात. ताटावरून उठले काल. मी एकटी सगळ्यांची वैरीण झाले आहे, आणि रोज सकाळी त्या काळ्या भोकावर वाकून खोटं बोलते आहे. मला त्याची भीती वाटायला लागली आहे. खोटं बोलायची नाही. उद्या खरंच वास आला आणि मला कळलाच नाही तर, याची.

लहानपणी तू पडलास की मी आधी तुला मारायचे आणि मग उचलायचे. मारून झालंय. ये.


११ मार्च

धाकट्यास,

हात कामातून आज मोकळे झाले, म्हणून आज लिहिते आहे.

आलास. न कळवता आलास, टँकरवाल्याच्या शेजारी बसून, दाढी वाढवून. मी पेटीपाशी वाकायला निघाले होते आणि गडी बाजूला झाले, बघते तर तू. मला वाटलं तू आधी माझ्याशी बोलशील. तू सरळ मोठ्या साहेबांकडे वळलास आणि सगळ्यांसमोर बोललास. "पहाटेपासून मी आडनळीपाशी होतो. पाळीप्रमुखांनी सांगितलं होतं, आणि कोणाला कळू देऊ नको म्हणाले होते. नाक मेलेलं मला कळलं होतं. डबा उघडला तेव्हाच कळलं होतं, भाजीचा वास आला नाही. तरी मी दाजींना उतरा म्हणालो."

ते भाजीचं मला माहीत नव्हतं. भाजी मीच आदल्या रात्री करून दिली होती.

पाळीप्रमुख स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. बोळकी त्याला म्हणाली, "बघा बघा, लेस सुटली असेल."

मग तू फावडं घेतलंस आणि म्हणालास, "पहिला मी उतरतो. ताई, हुंग."

इतके दिवस मी वाकत होते आणि तोंडात उत्तर आधीच तयार असायचं. त्या दिवशी नव्हतं. वाकले. काही नाही. पुन्हा वाकले. काही नाही. मग वाटलं, काही नाही म्हणजे पेटी साफ, की माझं नाक मेलं? बाहेर सगळीकडे आडनळीची घाण, चाळीत मी रात्रंदिवस तीच ओढते आहे. साहेबांचं यंत्र साफ म्हणत होतं, पण तुझ्या अंगावर लावायला मला यंत्र पुरेना. मी म्हटलं, "कांदा आणा." सगळे बघायला लागले. बोळकीने आपल्या डब्यातला कांदा बुक्कीने फोडला आणि माझ्या नाकाखाली धरला. सणसणून आला. डोळ्यांतून पाणी आलं. ते कांद्याचं होतं, तुला काही वाटलं असेल तर.

मग तिसऱ्यांदा वाकले आणि म्हटलं, "नाही वास. उतर." साहेबांनी स्वतः कपाट उघडून मुखवटा आणवला, तो तुझ्या तोंडावर बांधला, कमरेला दोर. दोराचं टोक मी कोणाला दिलं नाही. हात सोलले माझे.

पाटी त्याच दिवशी उतरवली. क्वार्टर राहिलं. यांना गेटावर बसून करायचं काम दिलंय. पाळीप्रमुखाला घरी बसवलंय. तुला ते पुन्हा घेणार नाहीत, हे साहेबांनी तुला सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस, हे मी पाहिलं. तुरुंग वगैरे काही नव्हतंच, ते भूत त्या माणसानेच उभं केलेलं. आता इथे नाकाआधी कांदा हा नियम झाला आहे. दोन्ही भिंतीवर टांगलेत, यंत्र आणि कांदा. कांदा बदलायचं काम बोळकीने घेतलंय, जुना घरी नेते.

आता माझं ऐक. तू पेटीतून वर आलास, दोर सोडलास, माझ्या पायाला हात लावलास आणि टँकरमध्ये चढून गेलास. घर तिथून हाकेच्या अंतरावर. तुझे दाजी दारात खुर्ची टाकून बसले होते. कोणीतरी जाऊन त्यांना सांगितलं होतं तू आलायस म्हणून. नवा सदरा घातला होता. अंधार पडेपर्यंत बसले. मग आत आले आणि म्हणाले, "त्याला गाडी गाठायची असेल." अजूनही तुलाच वाचवतायत.

याचा मला जेवढा राग आला आहे तेवढा त्या आडनळीचाही आला नव्हता. चुकलास, ठीक आहे. पळालास, ठीक आहे. खरं बोलायला आलास आणि ज्याच्या बाबतीत चुकलास त्या माणसाला तोंड न दाखवता गेलास, हे ठीक नाही. साहेबांसमोर बोलणं सोपं होतं. ते तुझे कोण लागतात?

पुढच्या सुट्टीला ये. गेटातून सरळ घरी ये, मध्ये कुठे थांबू नकोस, डबा उघडून बसू नकोस. यांना काही वास येत नाही. परवा भाजी लागली, काल शेगडी न पेटता नुसतीच चालू राहिली, मी अंगणातून यायला उशीर झाला असता तर आज हे पत्र वेगळं असतं. मी दिवसभर कामावर असते. घरात एक नाक कमी आहे.

आशीर्वाद. उरले होते.

तुझी ताई